‘होय, हा लेख माझाच’ हे बटण म्हणजे सही आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सहायक प्राध्यापक पदाची मुलाखत देऊन ती एसटीने परत येत होती. गाडीच्या खडखडाटात तिचं बोलणं तुटक ऐकू येत होतं.

‘मॅडम, आपल्या सातपुड्याच्या रिसर्च पेपरात माझं नाव आहे ना?’

‘आहे ना गं. तिसरं.’

‘मग नेटवर का दिसत नाही?’

घरी पोचल्यावर तिने सगळं सांगितलं. संशोधक आपापले लेख जिथे नोंदवतात अशा एका साइटवरचं तिचं पान समितीतल्या एका सरांनी लॅपटॉपवर उघडलं होतं. त्यावर कापसाच्या गुलाबी बोंडअळीवरचा एक लेख दिसत होता. ‘यात तुम्ही नेमकं काय केलंत?’ असं त्यांनी विचारलं. तो लेख तिने कधी वाचलाही नव्हता. मग अर्जात लिहिलेला सातपुड्यातल्या औषधी वनस्पतींचा लेख त्यांनी शोधला. तो सापडला, पण त्यावर तीनच नावं होती आणि तिचं त्यात नव्हतं. छापील प्रत तिने बरोबर नेली नव्हती. जो लेख तिचा नव्हता तो तिच्या नावावर, आणि जो तिचा होता तिथून ती गायब. त्या चार माणसांसमोर तिला काय वाटलं असेल, ते मला फोनवरही कळत होतं. निवड झाली नाही. ती याच कारणाने झाली नाही असं मी म्हणणार नाही, उमेदवार बरेच होते. पण ज्या पोरीने आयुष्यात कधी खोटा कागद लावला नाही, तिच्याकडे संशयाने पाहिलं गेलं, हे मला सहन होत नाही.

हे पत्र लिहायचं कारण असं की त्यातली अर्धी चूक माझी आहे.

मी रात्रीच संगणक उघडला. तो लेख साइटवर मीच चढवला होता. छापील लेखात चार नावं आहेत: माझा एक संशोधक विद्यार्थी, आमच्या विभागातले एक सहकारी, ही मुलगी आणि शेवटी मी. फाईल चढवली की अशा साइट शीर्षक आणि लेखकांची नावं फाईलमधून आपोआप उचलतात आणि ‘बरोबर आहे का बघा’ म्हणून आपल्यापुढे ठेवतात. आमच्या लेखात तिचं नाव ओळीच्या शेवटी तुटलं होतं. अर्धं वर, अर्धं खाली. ते उचललंच गेलं नाही. मला तपासायला सांगितलं होतं आणि मी न वाचता ‘पुढे’ दाबलं. त्या दिवशी बहुधा नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, माहिती भरायची घाई असेल. तिचं तेव्हा साइटवर खातं नव्हतं, त्यामुळे नाव सुटल्याचं तिच्या लक्षात येण्याचाही प्रश्न नव्हता. साइटचं नाव मी इथे घेत नाही, कारण दोष साइटचा नाही.

सातपुड्यात उनपदेवच्या वरच्या जंगलात भर उन्हाळ्यात ही मुलगी आमच्यापुढे चालायची. पावरा आदिवासींच्या पाड्यांवर बायका आमच्याशी बोलायला बुजायच्या, तिच्याशी बोलायच्या. नमुने दाबून वाळवायचे, कागद रोज बदलायचे, चिठ्ठ्या लिहायच्या, हे तिने केलंच. पण वनस्पतींच्या वापराची निम्म्याहून अधिक माहिती तिने गोळा केली आणि लेखाचा तो भाग पहिल्यांदा तिनेच लिहिला. ती लेखक होती, यात कुणाला शंका नव्हती. लेख छापून आला तेव्हा मी तिच्या घरी प्रत घेऊन गेले होते. तिच्या वडिलांना इंग्रजी अक्षर येत नाही. त्यांनी कागद हातात घेऊन विचारलं, ‘पोरनं नाव कोठे शे यामा?’ तिने त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. तेच नाव मी एका बटणाने पुसलं होतं आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

बोंडअळीचा लेख तिच्या पानावर कसा आला, तेही सांगते. खातं उघडल्यावर साइट विचारते की हे लेख तुमचे आहेत का. नावाचं आद्याक्षर, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे पाटील, एवढ्यावर ती यादी बनते. ‘मॅडम, मी सगळ्यांना होय म्हटलं,’ ती म्हणाली. तिला वाटलं, यादी साइटनेच दिली आहे म्हणजे ती तपासलेलीच असणार. ती तपासलेली नसते. तो अंदाज असतो, आणि त्याला खरं ठरवण्याचं काम आपल्यावर सोपवलेलं असतं.

आपल्या भागात सातबारा सगळ्यांना कळतो, म्हणून त्याचंच उदाहरण देते. जमिनीचा फेरफार नोंदवला की संबंधितांना नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मग अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तरीही तिथे चुका होतात आणि लोक तहसीलला खेटे घालतात. संशोधनाच्या या साइटवर तलाठी नाही आणि मंडळ अधिकारीही नाही. ज्याने नोंद केली तोच अर्जदार आणि तोच ती प्रमाणित करणारा. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ‘होय, हा लेख माझाच’ या बटणावर बोट ठेवताना आपण सही करतो आहोत हे माणसाला माहीत हवं. आणि इतरांची नावं भरताना तर आपण दुसऱ्याच्या हक्काची नोंद करत असतो.

रिसर्चगेट आणि अकॅडेमिया या संशोधकांच्या दोन्ही साइट २००८ मध्ये सुरू झाल्या. संशोधन लेख शोधून देणारं गुगल स्कॉलर त्याआधीचं, २००४ चं. लेखकाचं स्वतःचं पान त्यात नंतर आलं. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांत हे सगळं पोचलं ते मात्र पदोन्नतीच्या फायलींबरोबर. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी खाती उघडली ती कुणीतरी मागितली म्हणून, शेवटच्या आठवड्यात, आणि पुष्कळदा संगणक येणाऱ्या एखाद्या तरुण सहकाऱ्याला पासवर्ड देऊन. ते खातं आपलं आहे, त्यावरचं प्रत्येक नाव ही आपली जबाबदारी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या सगळ्या लेखांची छापील पहिली पानं घेऊन बसले. दोन संध्याकाळी गेल्या. लेखक म्हणून नोंद दुरुस्त करण्याची सोय असते, ती मी आजवर वापरलीच नव्हती. तिचं नाव घातलं, ते ओढून तिसऱ्या जागी आणलं आणि तिच्या खात्याशी जोडलं. तिकडे तिला सूचना गेली, तिने होकार दिला आणि लेख तिच्या पानावर आला. मग कळलं की हाच लेख आमच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे चढवला होता आणि त्यांच्या नोंदीत नावं चारही होती, पण क्रम वेगळा होता. एकाच लेखाच्या दोन नोंदी, दोन वेगळे क्रम! त्यांच्याशी बोलून, साइटच्या मदत विभागाला डीओआय कळवून त्या एकत्र करून घेतल्या. डीओआय म्हणजे लेखाला मिळणारा कायमचा क्रमांक, १० ने सुरू होणारा. बहुतेक नियतकालिकांत तो पहिल्याच पानावर छापलेला असतो. तो घेऊन शोधलं की प्रकाशकाचं पान उघडतं आणि लेखकांचा खरा क्रम तिथे दिसतो. वाद मिटवायला याहून सोपी गोष्ट नाही.

माझ्या स्वतःच्या पानावर दोन लेख असे निघाले की ते माझे नव्हतेच. एक शेवाळांवरचा होता. मी आयुष्यात शेवाळावर काम केलं नाही. कधीतरी यादीला होय म्हटलं असणार. ‘मी या लेखाची लेखक नाही’ असं कळवून ते काढले. शेवाळांच्या लेखाच्या लेखिकेचा ई-मेल पहिल्या पानावर होता, त्यावर झालेलं कळवलं आणि माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं: आपला लेख दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. गुगल स्कॉलरमध्ये नवे लेख आपोआप पानावर चढवायचे की आधी आपल्याला विचारायचं, हे ठरवता येतं. माझ्या खात्यात ‘आपोआप’ होतं. ते बदलून ‘आधी विचारा’ केलं. एवढं तरी हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने आज रात्री करावं.

खानदेशात हा घोळ इतरांपेक्षा जास्त होतो, असं मला वाटतं. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे, भामरे. एका महाविद्यालयात पाच पाटील, आणि त्यातल्या दोघांची आद्याक्षरंही एकच. चौधरी हे आडनाव इंग्रजीत कुणी ए-यू घालून लिहितं, कुणी ओ-यू. शेवटी कुणी आय लावतं, कुणी वाय. एकाच माणसाचे लेख तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी विखुरतात. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी. बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधीचे लेख एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर. मधलं आद्याक्षरही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. माझे पहिले तीन लेख माहेरच्या नावाने आहेत आणि ते मीच लिहिले हे माझ्या विभागातल्या कुणाला माहीत नव्हतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून कुणालाही मिळतो. नाव बदललं, गाव बदललं, महाविद्यालय बदललं तरी तो बदलत नाही. शेवटच्या अंकाच्या जागी कधी कधी एक्स हे अक्षर असतं, ते चुकीचं समजू नये. त्यात ‘या नावांनीही ओळखली जाते’ अशी जागा असते. तिथे मी माहेरचं नाव लिहिलं आणि ते तीन लेख माझ्याजवळ परत आले. लेख पाठवतानाच हा क्रमांक दिला तर पुढची गफलत बरीचशी टळते. आमच्या पिढीला हे उशिरा कळलं. आता पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या मुलांना तो पहिल्याच दिवशी काढायला लावला पाहिजे.

आता जरा अवघड गोष्ट. नाव सुटण्यापेक्षा नाव घुसवणं जास्त चालतं. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका गृहस्थांचा फोन आला होता. ‘मॅडम, त्या साइटवर लेखकांत माझंही नाव टाका ना. पेपरात नसलं तरी चालेल, प्रिंट काढून फायलीला लावतो.’ मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पण मी तरी किती धुतल्या तांदळाची? त्याआधी एका छापील लेखात ‘सरांचं नाव घालावंच लागतं’ म्हणून मी नाव घातलं होतं. त्यांनी तो लेख छापून येईपर्यंत पाहिलाही नव्हता. ती भीड होती आणि ती चूक होती. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरला होता. त्यातून पुढे लेखक कुणाला म्हणायचं याच्या अटी ठरल्या, आज त्या चार आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा ते तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. पद, वय आणि प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे आहे, याचा त्यात उल्लेख नाही. वनस्पतिशास्त्रात आम्ही त्या उसन्या घेतल्या तरी बिघडत नाही.

याच कसोटीने पाड्यावरच्या जाणत्या माणसांचा प्रश्नही मला टोचतो. त्यांनी सांगितलेलं ज्ञान आम्ही लिहिलं, त्यांची नावं मात्र शेवटी ऋणनिर्देशात गेली. नियमाप्रमाणे ते बरोबर असेल. पण साइटवरच्या नोंदीत ऋणनिर्देश दिसतच नाही. ज्यांच्यामुळे लेख झाला ती माणसं तिथे नसतातच. मी आता नोंदीच्या वर्णनाच्या जागेत त्यांची संमती विचारून नावं आणि गावं लिहायला लागले आहे. ते पुरेसं आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्या माणसांनी, मुलगा सोपानदेवांनी, कागदावर उतरवल्या आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, त्या पुस्तकरूपाने बहिणाबाईंच्याच नावाने प्रसिद्ध झाल्या. सोपानदेव स्वतः कवी होते. तरी उतरवून घेणाऱ्याचा हात आणि कवीचं नाव यांत त्या घराने गल्लत केली नाही. संगणकावर नोंद भरणारा हात फक्त उतरवून घेणाऱ्याचा असतो. छापलेल्या लेखात जी नावं ज्या क्रमाने आहेत ती त्या क्रमाने उतरवायची. एक कमी नाही, एक जास्त नाही.

हा केवळ मानाचा विषय नाही, हे माझ्या प्राध्यापक बंधुभगिनींना सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राध्यापकांच्या नेमणूक-पदोन्नतीच्या २०१८ च्या नियमांत विज्ञान शाखेच्या मान्यताप्राप्त लेखाला ८ गुण आहेत. दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे ५.६ आणि २.४. साइटवर नावांचा क्रम खालीवर झाला आणि त्याच पानाच्या प्रिंटवरून फाईल तपासली गेली, तर कुणाचं तरी नुकसान ठरलेलंच. म्हणूनच साइटवरच्या पानाची प्रिंट पुरावा म्हणून घेणं थांबलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. रिसर्चगेट आपल्या सदस्यांना स्वतःचा एक गुणांक देत असे. तो कित्येकांनी फायलींना लावला, आणि २०२२ मध्ये साइटनेच तो बंद केला.

महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षांना माझी विनंती आहे की लेखाचं छापील पहिलं पान आणि डीओआय मागा, तेवढं बास आहे. मुलाखत घेणाऱ्यांनाही विनंती आहे की नोंद आणि अर्ज जुळत नसतील, तर उमेदवाराला खोटं ठरवण्याआधी प्रकाशकाचं पान उघडून पाहा. दोन मिनिटं लागतात. आणि पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा विषय २०१९ च्या डिसेंबरपासून सक्तीचा झाला आहे. त्यात वाङ्मयचौर्यावर भरपूर शिकवलं जातं. त्यातला एक तास संगणकावर घ्यावा. प्रत्येकाने आपलं पान उघडावं, आपल्या लेखांची पहिली पानं समोर ठेवावीत आणि गुरुजींनी शेजारी बसून आपलंही पान तपासावं. फाईल चढवणं आणि नोंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिथेच सांगावं. प्रकाशकाचा हक्क असलेली फाईल चढवता येत नसेल, तरी नोंद बरोबर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

माझं नाव मी आपल्याकडे दिलं आहे, ते कृपया छापू नये. त्यावरून माझी विद्यार्थिनी ओळखू येईल, आणि तिला अजून मुलाखती द्यायच्या आहेत. पुढची नंदुरबारला आहे. परवा ती घरी आली होती. तिची फाईल मी स्वतः लावली, सातपुड्याच्या लेखाचं पहिलं पान सगळ्यांत वर ठेवलं आणि तिसऱ्या नावाखाली पेन्सिलने रेघ ओढली.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका
चोपडा, जि. जळगाव